घाटमाथ्यावर उतरलेली बायको

गेलनने डाव्या आरशात बघितलं. ओझरतं नाही, चांगलं मान वळवून बघितलं. आणि गाडी पुढे काढली.

मार्लिसने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ती आरशात दिसेल अशाच जागी उभी होती, मागच्या डाव्या कोपऱ्याला, दोन्ही हात डोक्यावर फुली करून. चाकांवरच्या घरात राहणाऱ्या कुठल्याही नवरा-बायकोला विचारा, ही खूण म्हणजे 'थांब'. गाडी लावताना एकाने स्टिअरिंगवर बसायचं आणि दुसऱ्याने मागे आरशात दिसेल असं उभं राहायचं. आरशातलं माणूस दिसेनासं झालं की ब्रेक दाबायचा, मग मागे रांग लागून लोक शिव्या का घालेनात. सात वर्षं हेच करून ती सवय अंगात इतकी मुरली होती, की संडासातून बाहेर येऊन गाडी सुरू झालेली बघताच बाई समोर धावलीच नाही. धावली ती मागच्या कोपऱ्याकडे.

समोर गेली असती तर? जाऊ दे. सवयीपुढे अक्कल चालत नाही.

"गेलन! अरे गेलन!" ती ओरडली. पण ते डिझेलचं धूड इंजिन गुरगुरत होतं आणि वर घाटातला वारा. बत्तीस फुटी गाडी वळणावर गेली, मागच्या शिडीला बांधलेल्या दोन खुर्च्या तेवढ्या हलताना दिसल्या, आणि रस्ता रिकामा झाला.

मार्लिस तिथेच उभी राहिली. हात अजून डोक्यावरच होते. मग तिच्या ते लक्षात आलं आणि तिने ते खाली घेतले.

त्या दिवशी मंगळवार, म्हणजे दोघांच्या सुट्टीचा दिवस. उन्हाळाभर ती दोघं बिगहॉर्न डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर कामाला होती. तो सरपण विकायचा आणि शेगड्यांतली राख उपसायचा, ती संडास धुवायची आणि आलेल्या लोकांना जागा दाखवायची. त्या बदल्यात गाडी उभी करायला जागा, वीज, पाणी आणि हातात थोडेफार डॉलर. सप्टेंबर उजाडला की इथलं दुकान बंद, मग बिटाच्या काढणीच्या हंगामाला उत्तरेकडे. या आयुष्यात सुट्टीचा दिवस हीच खरी कमाई. म्हणूनच मार्लिस महिनाभर पाठीमागे लागली होती, की जाण्याआधी टेनस्लीपची दरी एकदा बघूच. मागे जोडून आणलेली छोटी गाडी दुरुस्तीला गॅरेजात पडलेली, तर गेलन म्हणाला, नको. ती म्हणाली, मग घरच घेऊन जाऊ. तो दोन दिवस गप्प बसला, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाला.

दरी बघितली. लाल-पिवळे कडे, खाली झरा, डोळ्यांचं पारणं फिटलं. हॅमचे सँडविच खाल्ले. परतीला मार्लिसची अर्धशिशी उठली, म्हणून ती गोळी घेऊन मागच्या पलंगावर पडदा ओढून झोपली. "पोचेपर्यंत मला हाक मारलीस तर बघ," असं वर बजावूनही ठेवलं. चढावर इंजिन तापलं, घाटमाथ्यावर गेलनने गाडी थांबवून बॉनेट उघडलं, तेवढ्यात तिला जाग आली आणि ती मागच्या मागे संडासला उतरली. झालं ते एवढंच.

पण आता ती तिथे उभी होती, पायात घरातल्या सपाता, अंगात त्याचा जुना स्वेटशर्ट, ऑगस्ट असूनही दात वाजवणारा वारा. फोन पलंगावर. वाचायचा चष्मा पलंगावर. ब्लडप्रेशरच्या गोळ्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. साध्या घरातला नवरा निघून गेला तर निदान मागे घर तरी उरतं. इथे नवऱ्याबरोबर स्वयंपाकघर गेलं, अंथरूण गेलं, आंघोळीची जागासुद्धा गेली.

'येईल,' ती मनाशी म्हणाली. 'पुढच्या वळणावर कळेल आणि येईल.'

एक पिकअप भर्रकन निघून गेला. तिने हात केला, तर आतल्या माणसाने मजेत हात हलवला. मेला!

गेलन आला नाही. आणि मग डोकं नको तिकडे धावायला लागलं. कारण त्याने बघितलं होतं ना! विसरला असता, तर आरशात बघून दचकला असता. ब्रेक दाबला असता. त्याने बघितलं, ती दिसली, आणि तो गेला. याचा दुसरा काय अर्थ निघतो? वसंतापासूनच माणूस बदलला होता. शेजाऱ्यांकडे पत्ते खेळायला जाईना. ती शेजारून काही बोलली की दचकायचा आणि वर तिच्यावरच खेकसायचा. अंधार पडायच्या आत गाडी लावून मोकळा. दोनदा सरपणाच्या ढिगाला गाडी घासली, तिने विचारलं, "काय रे, पितोस की काय?" तर तीन दिवस अबोला. गेल्या साली बिटाच्या कामावर एका बहाद्दराने बायकोला कपडे धुवायच्या दुकानात सोडून घरासकट पोबारा केला होता. त्या गोष्टीवर सगळ्यांत मोठ्याने हसली होती ती मार्लिसच. आता तिला त्या बाईचं नावसुद्धा आठवेना, याची लाज वाटली.

बेचाळीस वर्षांचा संसार, आणि मला कचऱ्यासारखं टाकून गेला. हे वाक्य मनात नीट तयार झालं तेव्हा ती दगडावर बसली आणि चक्क भोकाड पसरून रडली.

तशी रडत असतानाच नेब्रास्काहून सहलीला आलेल्या चर्चच्या बायकांची व्हॅन येऊन थांबली. सहा म्हाताऱ्या. व्हॅन चालवणारी ओपल ऐंशीच्या घरातली, ओठांना लालभडक लिपस्टिक लावलेली.

"काय ग पोरी, कोण गेलं?" तिने खिडकीतूनच विचारलं.

"नवरा."

"अरे देवा! कधी?"

"आत्ताच. गाडी घेऊन गेला."

"मग गेला म्हण ना, मेला असल्यासारखं का रडतेस? चढ वर."

आत घेतलं, शाल दिली, कपात कॉफी ओतली, हातात लिंबाच्या वडीचा तुकडा कोंबला. उलट्या दिशेला निघालेली व्हॅन ओपलने भर रस्त्यात वळवली. सगळी हकिगत ऐकून म्हाताऱ्यांना हुरूपच आला.

"आमचे हे मला पेट्रोल पंपावर विसरले होते," एक म्हणाली. "कुत्रा तेवढा आठवणीने घेतला."

"आमचा तर मला घेऊन जायचा, पण माझं बोलणं घरी ठेवून यायचा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या. मार्लिसलाही रडता रडता हसू फुटलं.

"विसरला असेल ग," ओपल म्हणाली. "पुरुषाची जात. पोचलीस की दोन शिव्या घाल आणि मोकळी हो."

"विसरला नाही हो. त्याने आरशात बघितलं. मी आरशात होते."

"तुझ्याकडे बघितलं? आणि गेला?"

"गेला."

ओपलने गाडीचा वेग वाढवला.

कॅम्पग्राउंडवर पोचल्या तर घर आपल्या जागेवर होतं, पण कसं? तिरकं, अर्धं रस्त्यावर, आणि कोपऱ्यातला लाकडी खांब आडवा झालेला. गेलन बाकावर बसला होता. समोर लाकडी टेबल, त्यावर काही नाही. मार्लिस व्हॅनमधून उतरली आणि थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, तेव्हा त्याने डोकं वर केलं. चेहरा असा, की दोन दिवस जेवला नसावा.

"आलीस?" तो म्हणाला.

"आलीस म्हणून विचारतोस? लाज नाही वाटत? भर घाटात बायकोला टाकून येतोस आणि इथे बाकावर हवा खात बसतोस?"

"मी टाकलं? मार्लिस, तूच उतरलीस."

"संडासला उतरले होते!"

"खाली हायवेच्या तोंडाशी संडास कुठे आहे?"

"खाली कोण बोलतंय? घाटावर! तू बॉनेटमध्ये डोकं घातलं होतंस तेव्हा!"

गेलनचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. मागे म्हाताऱ्या व्हॅनच्या दारात गर्दी करून उभ्या होत्या, एकीलाही आत बसवेना.

"म्हणजे घाट उतरताना तू आत नव्हतीस?"

"घाट उतरताना मी घाटावर होते, गाढवा!"

"मग मी बोलत होतो ते कोणाशी?"

"मला काय विचारतोस? पलंगाशी!"

त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले. "मला वाटलं, तू ऐकलंस. काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं रागावलीस. मग खाली गाडी थांबवली, तेव्हा दार वाजल्यासारखं वाटलं. इथे येऊन पडदा सारला तर पलंग रिकामा. म्हटलं, उतरली. ऐकलं आणि उतरून गेली. बरोबरच केलं तिने."

"काय ऐकलं?"

तो टेबलावरची चीर नखाने कोरायला लागला.

"गेलन, काय ऐकलं? कोण बाई आहे का? सरळ सांग."

"बाई?" तो हसायला गेला पण जमलं नाही. "काचबिंदू आहे मला. दोन्ही डोळ्यांत. समोरचं दिसतं, बाजूचं जवळजवळ गेलं. ॲरिझोनातल्या डॉक्टरने मार्चमध्येच सांगितलं, गाडी चालवायची नाही."

मार्लिसला हे शब्द कळले, अर्थ कळायला वेळ लागला. मार्च. मार्चमध्ये ते ॲरिझोनात होते. तिथून इथवर सगळ्या डोंगरांतून, सगळ्या घाटांतून यानेच गाडी चालवली होती, आणि ती शेजारी बसून "बघ रे, हरणं बघ" म्हणत होती. आज दरीच्या कडेकडेने गेलेला तो रस्ता तिला आठवला, तिच्याच हट्टापायी धरलेला.

"पण तू आरशात बघितलंस," ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "मान वळवून बघितलंस. मी तिथे होते. हात असे करून."

"आरशात रस्ता मोकळा होता, मार्लिस."

म्हाताऱ्यांपैकी कोणीतरी "हे देवा" म्हटलं.

पण मार्लिसच्या डोक्यात आता भलतंच सुरू झालं होतं. दर मुक्कामाला गाडी लावताना ती मागे उभी राहायची. पाठीला झाड, नाहीतर खांब, आणि समोरून बारा टनांचं घर मागे मागे येतंय. ती निवांत असायची, कारण आरशात तिला त्याचा चेहरा दिसायचा. इथे आल्या दिवशी तर शेजारची लहान पोरं तिथेच सायकली फिरवत होती, आणि तिने त्यांना सांगितलं होतं, "घाबरू नका रे, काका बघतायत."

"गेलन," ती म्हणाली, "मार्चपासून मी मागे उभी राहते तेव्हा तू कोणाकडे बघत होतास?"

त्याने आडव्या झालेल्या खांबाकडे मान वळवली.

"मी विचारते आहे."

"कोणाकडेच नाही. तू ओरडलीस की थांबायचं, असं ठरवलं होतं."

तिने त्याच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही. पण उचललेला हात तसाच राहिला.

"तू मला मारलं असतंस," ती म्हणाली. "एखाद्याचं पोर मारलं असतंस."

"हो."

"हो काय? हो काय म्हणतोस? मला सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं असतं तर हे सगळं संपलं असतं. तू ही गाडी कधी चालवली नाहीस. मग आयोवात जायचं, आपल्या पोरीच्या तळघरात, तिच्या टीव्हीसमोर बसायचं. म्हटलं एक हंगाम आणखी. तुला ती दरी बघायची होती. तेवढी दाखवतो आणि सांगतो, असं ठरवलं. तोंडावर जमेना, म्हणून पडद्याकडे बघून सांगितलं." त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "तू गेलीस असं समजल्यावर शोधायला निघणार होतो. पण मग पुन्हा गाडी चालवावी लागली असती."

ओपलने म्हाताऱ्यांना दटावलं, "चला ग, बसा आत. हा काय तमाशा आहे?" दारं आपटली, व्हॅन सुरू झाली, आणि तिच्या खडखडाटात काहीच ऐकू येईनासं झालं.

मार्लिसला आता बसायला हवं होतं. क्षमा वगैरे काही नाही हं, त्याला पुष्कळ वेळ होता. उभं राहवत नव्हतं, एवढंच. समोर बसायला जागा नव्हती, म्हणून ती टेबलाला वळसा घालून आली आणि त्याच बाकावर त्याच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बसली.

व्हॅन लांब गेली. गेलनने तोंडावरचे हात काढले. मघाशी मार्लिस जिथे उभी होती तिथे बघितलं. तिथे कोणी नव्हतं. आडवा पडलेला खांब तेवढा होता. त्याने व्हॅन गेली त्या रस्त्याकडे बघितलं, धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिला. ती त्याच्या कानशिलाकडे बघत होती, आणि त्याला पत्ता नव्हता.

"गेली," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मान हलवली, जणू हे ठरलेलंच होतं.



"इथेच आहे रे मेल्या," ती म्हणाली. "तुझ्या शेजारी."