पुड्यावरची बाई

बेकरीवाल्याच्या बायकोनं बिस्किटांचा पुडा फोडायला घेतला आणि तिचा हात थांबला.

"अहो, हा आपला नाही."

बेकरीवाल्यानं पुडा उलटसुलट करून पाहिला. तोच पिवळा रंग, नाव जवळजवळ तेच, हातात ट्रे घेतलेली बाईसुद्धा तीच वाटावी अशी. या नकली पुड्यांनी त्याच्या नाकी नऊ आणले होते. खवट माल त्यांचा, शिव्या मात्र याला. वकीलबाईंनी कालच बजावलं होतं, फसलेलं गिऱ्हाईक उभं करा, नाहीतर केसमध्ये दम नाही. पण आपण फसलो हे चारचौघांत सांगायला कोण पुढे येतंय!

"आणला कोणी?"

"बाबांनी."

बेकरी बाबांनी उभी केलेली, पुड्यावरची बाई म्हणजे त्याची आई. खुद्द बाबाच फसले, याहून भक्कम साक्ष कुठली मिळणार? पण समोरचा वकील भर कोर्टात विचारणार, आजोबा, स्वतःची बायको ओळखता येत नाही का? नकोच ते. केस गेली खड्ड्यात.

बाबा खिडकीशी बसले होते. तो शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाला,

"बाबा, दुकानदारानं तुम्हाला भलताच पुडा दिला."

"तो काय देतोय! मी निवडून आणलाय."

"निवडून?"

बाबांनी पुडा घेऊन उजेडात धरला.

"आपल्या पुड्यावरचं चित्र काढताना तुझ्या आईला हसू आवरेना. चित्रकार वैतागला. म्हणाला, तोंड मिटा, छपाईत दात काळे येतात. झालं, तेव्हापासून पुड्यावर ती गाल फुगवून उभी. या चोरानं तिला कधी बघितलेलं नाही, पण हसवलंय बघ. अश्शीच हसायची."

बेकरीवाल्यानं वाकून पाहिलं. चित्रातली बाई खरंच मनमोकळी हसत होती, आणि त्याला आईची फार आठवण आली.

"केस जिंकलो तर हे पुडे बंद होतील, बाबा."

"व्हायलाच हवेत. आपल्या नावावर लोकांना खवट खायला घालतात म्हणजे काय!"

मग पुडा मांडीवर ठेवत त्यांनी विचारलं,

"तारीख कधीची आहे? त्याआधी अजून एक-दोन आणून ठेव."