मनवाच्या माळ्याची शिडी

मित्रांनो, २०१८ साली, गणपतीला पंधरा दिवस उरले असताना, एक माणूस माझ्यावरून माळ्यावर चढला आणि एका मुलीची चार वर्षे काखेत मारून खाली उतरला. मी एक जुनी सागवानी शिडी आहे. गिरगावातल्या एका चाळीत, दीड खोलीच्या घरात, माळ्याला टेकून माझा जन्म गेला. नवी होते तेव्हा म्हातारे मालक आल्यागेल्याला सांगत, "शिडी नव्हे, जिना आहे जिना!" पुढे माझ्यावर टॉवेल वाळू लागले.

त्यांच्या मुलाची, म्हणजे अप्पांची, धाकटी लेक मनवा माझ्या चौथ्या पायरीवर बसून जेवायची. नजर समोरच्या भिंतीच्या पोपड्यांवर. त्यांत तिला बेटे दिसत, बेटांवर माणसे, आणि त्या माणसांची भांडणे.

"अगं, गिळ तो घास! कुठे हरवलीस?" तिची आई राजलक्ष्मी ओरडायची.

"आई, हिचा अँटेना हलव," थोरला भाऊ गंधार म्हणायचा. सगळे हसत. तिला काय दिसते, हे मात्र कोणी विचारले नाही.

दहाव्या वर्षी तिने त्या माणसांना नावे दिली. मग ती त्यांच्या वतीने पुटपुटू लागली. कॉलेजात गेल्यावर माळ्यावर चढून लिहू लागली. कागद अप्पांचेच. ते कारकून होते. ऑफिसातले रद्द झालेले छापील फॉर्म ते घरी आणत. "पाठ कोरी आहे, वाया कशाला घालवा?" म्हणत. त्या कोऱ्या पाठींवर मनवाने चार वर्षांत एक कादंबरी लिहिली. कोणी वाचून हसू नये म्हणून छापील बाजू वर करून गठ्ठा ठेवायची. दुसरी प्रत नव्हती. एका प्रकाशकांनी दिवाळीनंतर घेऊन या म्हटले होते. तेही तिने फक्त मलाच, चढता चढता, सांगितले.

त्या वर्षी थर्माकोलवर बंदी आली. आरास करण्याची अप्पांना भारी हौस. "कागदाच्या लगद्याचा कैलास करू!" म्हणत ते माळ्यावर चढले. मनवा शिकवणीला गेली होती. वर आपल्याच ऑफिसचे फॉर्म पाहून अप्पा खूश झाले. त्यांनी एकही कागद उलटला नाही. मी करकरले.

"गंधार, शिडीला खिळे मारायला हवेत रे," ते म्हणाले.

संध्याकाळी मनवा आली तेव्हा लगद्याच्या बादलीतले पाणी शाईने निळसर झाले होते.

"अप्पा, कुठले कागद हे?"

"माळ्यावरचे, आपले फॉर्म. बघ कसा लोण्यासारखा झालाय! मेथ्या वाटून घातल्यात, कीड लागायची नाही."

मनवाने बाही वर सारली आणि लगदा मळायला बसली.

"छान झालाय," एवढेच ती बोलली.

चाळ लोटली. "अप्पा, हिमालय आणलात की गिरगावात!" अप्पांनी डोंगराशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. पाचव्या दिवशी मूर्तीबरोबर डोंगरही गेला.

मनवाने ती कादंबरी पुन्हा लिहून पाहिली. माणसे आली, पण परक्यासारखी. शेवटी ती छोट्या कथा लिहू लागली. दोन पुस्तके निघाली. लोक तिला लेखिका म्हणतात. अभिनंदन केले की ती दुसरा विषय काढते.

मित्रांनो, घरातले एखादे मूल शून्यात बघत बसले, तर हसण्याआधी त्याच्याजवळ टेका. काय दिसतंय, ते विचारा. लाकडाला हे जमत नाही. तुम्हाला जमेल.

अप्पा २०२१ साली गेले. तो डोंगर आपल्या हातून झालेले सर्वांत सुंदर काम, असे शेवटपर्यंत सांगत. राजलक्ष्मीबाई गंधारकडे डोंबिवलीला असतात. लेकीची पुस्तके तिथे कपाटात आहेत, प्लॅस्टिकच्या वेष्टनात. मनवाने परळला भाड्याची खोली घेतली आहे, त्या खोलीला माळा नाही. चाळ आता पाडणार आहेत, आणि मला कुठे न्यायचे हा विषय निघालेला नाही. घर रिकामे करताना मनवा एकदाच माझ्यावर चढली. भिंतीवरचा अप्पांचा तो फोटो तिने उतरवला, पदराने पुसला. एखादी ओळ वाचावी तसे तिने डोंगरावरून बोट फिरवले.