डोंगरमाथ्यावरचा स्प्रूस

मित्रांनो, मी एक जुना स्प्रूस आहे, सुईसारख्या पानांचे थंड मुलखातले झाड. स्वीडनच्या उत्तरेकडच्या एका डोंगरमाथ्यावर एकटाच उभा आहे. माझा बारीक बुंधा पाहून तुम्ही म्हणाल, हा कसला जुना? पण माझे वय बुंध्यात नाही, मुळांत आहे.

एके काळी हा सारा मुलूख बर्फाखाली गाडला गेला होता. बर्फाबाहेर डोके काढून राहिलेल्या एका कड्याच्या आडोशाला माझे पूर्वज तग धरून होते. बर्फ वितळू लागले, तसा वारा त्यांचे बी गोठलेल्या जमिनीवरून घसरवत दूर नेऊ लागला. त्यातलेच एक बी मी. दगडगोट्यांत रुजलो. थंडी वाढली की झुडपासारखा जमिनीलगत निजून राही, ऊब आली की पुन्हा उभा राही. किती बुंधे वाळले, मुळांतून नवे फुटले. खाली दरीत माझ्या बियांचे रान झाले.

माझ्या फांद्यांखाली इथल्या सामी मेंढपाळांसारख्या भटक्या लोकांचे पाळीव रेनडिअर विसावत. त्यांच्यामागून म्हातारा आंता आणि त्याची सून मारेत अशी दोघे येत.

एका वसंतात कळप वर नेताना भर दुपारी बर्फाचे वादळ आले. मारेत खडकावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. आंताने तिला ओढत माझ्याखाली आणले. वाळक्या फांद्या जाळून संपल्या, तिचे ओठ निळे पडू लागले. आंताने कुऱ्हाड उचलली, पण हात खाली येईना. त्याचे आजोबाही माझ्याच सावलीत बसत.

मारेत कुडकुडत म्हणाली, "मामंजी, झाडाची परवानगी मागताय की माझी?"

"तोंड चालतंय, म्हणजे जगशील तू," आंता म्हणाला आणि त्याने घाव घातला.

मला राग आला नाही. डिंकाने भरलेला माझा बुंधा धुमसत धुमसत पेटला. वादळ ओसरल्यावर माणसे शोधत आली. मारेत वाचली.

आंताच्या मनाला मात्र ते लागून राहिले. पुढल्या उन्हाळ्यात तो माझ्या थोटकापाशी टोपी काढून बसला. लंगडत आलेल्या मारेतने वाकून पाहिले, तर मुळाशी बोटभर हिरवा कोंब. तिने सासऱ्याचा हात धरून त्याला तो दाखवला. म्हाताऱ्याने टोपीनेच डोळे पुसले.

रेनडिअरांनी कोंब खुडू नये म्हणून त्याने भोवती बर्चच्या काठ्यांचे कुंपण घातले. दर उन्हाळ्यात तो ते सावरायला येई आणि सुनेची कॉफी किती पाणचट असते, हे मला सांगत बसे.

आता आंता नाही. गेल्या उन्हाळ्यात मारेत एकटीच आली. पाहते तर माझी एक फांदी बर्फाच्या भाराने वाकून कुंपणाखालून बाहेर गेलेली. मातीला टेकली तिथे तिला मुळे फुटली होती आणि एक छोटा स्प्रूस उभा राहिला होता.

मारेत हसली. "मामंजींनी कुंपण अगदी अंगाबरोबर शिवलं होतं," ती म्हणाली. मग तिने सगळ्या काठ्या उपटल्या आणि लांब नेऊन पुन्हा रोवल्या.

मित्रांनो, झाडाला जरूर जपा. पण त्याच्या आजच्या अंगापुरतीच जागा सोडू नका. आम्ही फार सावकाश चालतो, पण चालतो.