वाऱ्याला न जुमानणारं फूल

उघड्यावर बॅडमिंटन खेळताना वारा फूल पळवतो, हे दुःख आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला एवढं लागलं, की त्याने चांगली नोकरी सोडली. सोसायटीत त्याला सगळे संशोधक म्हणू लागले. तो गंभीरपणे ओ देऊ लागला. संशोधकाने फुलाच्या बुचात शिसं ओतलं आणि नाव ठेवलं 'वादळवीर'.

पहिलं उद्घाटन बंद सभागृहात झालं. मी विचारलं, "मैदानी खेळाचं साधन ना हे?"

"बाहेर वारा असतो हो, काका! बॅनर उडून जाईल."

वारा नको म्हणून पंखेही बंद होते. पाहुणे म्हणून आलेल्या क्रीडाशिक्षकांनी घाम पुसत रॅकेट फिरवली. फूल तारा तोडून आरपार गेलं आणि त्यांच्याच पायाशी पडलं. खेळ असाच असेल, असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाजार अजून तयार नाही," संशोधक म्हणाला.

"बाजार राहू दे," त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी म्हणाल्या. "आता एकदाच. नाही जमलं, तर माझ्या भावाच्या दुकानात बसायचं."

हे ऐकून त्याचा चेहरा पडला. मेहुण्याचं पडद्यांचं दुकान होतं, आणि लग्नाच्या पंगतीतच संशोधकाने त्याला 'चिंध्या विकणारा' म्हटलं होतं. मेहुणा ते विसरला नव्हता. फक्त हसून बोलायचा, ते जास्त लागायचं.

मग फेरउद्घाटनाची तयारी सुरू झाली. फूल केशरी झालं, खोका चकचकीत झाला, नावापुढे 'नवा' लागला.

"अहो, वजन तरी कमी करा," वहिनी म्हणाल्या.

"वजन हीच तर त्याची ओळख आहे!"

वजन तेच राहिलं, रॅकेट बदलली. तारांच्या जागी प्लायवूड आलं. नाचता येईना, तर त्याने अंगणच नवं करून घेतलं.

या वेळी सोहळा खुल्या मैदानावर होता. वारा अगदी वेळेवर हजर झाला. क्रीडाशिक्षकांचं मनगट नेमकं त्याच दिवशी दुखत होतं, त्यामुळे सर्व्हिस संशोधकानेच केली. फूल वाऱ्याने तसूभरही हललं नाही, हे मान्य करायला हवं. ते सरळ खाली आलं आणि त्याच्या अंगठ्यावर बसलं.

तो एका पायावर नाचत असताना बॅनर उडाला, खुर्च्यांची आवरणं उडाली, शिक्षकांची टोपी उडाली. जागच्या जागी राहिला फक्त टेबलावरचा कपडा. वहिनींनी त्याच्या चारही टोकांना एकेक वादळवीर बांधून ठेवला होता.

सगळे अंगठ्याकडे बघत होते. मेहुणा टेबलाकडे बघत होता.

"भावजी," त्याने जवळ येऊन कपड्याचं टोक हातात तोललं. "हे पडद्याच्या खालच्या घडीत शिवलं तर? बाल्कनीचे पडदे फार फडफडतात हो. गिऱ्हाइकं जीव खातात."

"हे खेळाचं साधन आहे!"

"आहेच की. चालेल ना पण?"

चाललं. इतकं चाललं, की घरातले उरलेले सगळे खोके मेहुण्याने उचलले आणि आणखी मागितले.

"जमलं तर दुकानात बसायचं नाही, असं ठरलं होतं," संशोधकाने वहिनींना बजावलं.

"जमलंच की! म्हणून तर बसायचं. गिऱ्हाइकाला समजावून कोण सांगणार? माझ्या भावाला कुठे कळतं शास्त्र?"

परवा मी पडदे घ्यायला गेलो. खरं म्हणजे बघायला गेलो. संशोधक काउंटरमागे, गळ्यात टेप. मागे केशरी खोके रचलेले. त्यांवर अजून 'मैदानावरची क्रांती' असं छापलेलं. शेजारी मेहुणा गल्ल्यावर, मऊ हसत.

मी एक फूल उचललं. "काय हो, याने खेळताही येतं का?"

त्याने फुलाकडे पाहिलं. मेहुण्याकडे पाहिलं. मग गळ्यातला टेप काढला.

"काका," तो म्हणाला, "खिडकीची उंची किती?"