चौकातली दीप्ती

माझ्या थोरल्या नातीचं, नीलमचं लग्न झालं ते साल दोन हजार चोवीसचं. हळदीच्या दिवशी आमच्या दारात मांडव बांधणं चाललं होतं, तेवढ्यात शेजारचा निंबा गाडी आडवी घालून आत आला.

"आबा, तुमनी दीप्ती चौकमा टांगेल शे."

सगळ्यांचे हात थांबले. मग तोच हसला. "फोटो, फोटो. घरएवढा फोटो शे."

हळदीच्याच हातांनी आम्ही आमच्या बमरोलीच्या चौकात गेलो. माझी धाकटी नात, नीलमची बहीण, काळा कोट घालून तिथे वर उभी होती. माझी बायको आनंदी हिला वाचता येत नव्हतं. मला तरी कुठे येत होतं? चाळीशीत मिलच्या रात्रवर्गात बाराखडी गिरवली आणि गुजराती शिकलो ते इथल्या बसच्या पाट्यांवरून. अजून अक्षराखाली बोट लागतं. तिथे बोट पोचत नव्हतं, म्हणून वेळ लागला. "दीप्ती सुशांत तायडे. वर्षाला बारा लाख. आमचं विद्यापीठ, तुमचं भविष्य." खाली एक चांदणी होती आणि तिच्यापुढे मुंगीएवढी ओळ होती. ती काही लागली नाही.

"लग्न माझं आणि बॅनर हिचं," नीलम म्हणाली. सगळे हसले. दीप्ती हसली नाही.

बारडोली रस्त्यावरच्या त्या खाजगी विद्यापीठातून ती आदल्या वर्षी कॉम्प्युटर इंजिनीअर झाली होती. पुण्याच्या कंपनीने तिला निवडलं, पेढे वाटले, आणि मग रुजू व्हायची तारीख पुढे पुढे जात राहिली. शेवटी जागाच नाहीत असं आलं. हे घरात माहीत होतं, गल्लीत नव्हतं. दीप्ती दिवसभर फोन उलटासुलटा करायची, जेवताना मध्येच उठायची.

फोटो काढून टाका, असं सांगायला ती विद्यापीठात गेली. "निवड तर झाली होती ना? मग खोटं काय?" असं तिथले सर म्हणाले आणि तिलाच काम दिलं. प्रवेशाच्या हंगामात तिने ऑफिसातल्या तशाच फोटोखाली बसायचं, आईबापांशी बोलायचं. पांडेसरा, बमरोलीची मराठी माणसं तिच्याकडे बघून येतील. बरीच मुलं आणली तर दिवाळीनंतर कायम करू. तिने काम धरलं. घरी बसून गल्लीला तोंड तरी काय दाखवणार?

आनंदीने जन्मभर साड्यांचे धागे कापले. सकाळी गठ्ठा यायचा. ती साडी उलटी करून मांडीवर घ्यायची आणि मागे लोंबणारे धागे छोट्या कात्रीने उडवायची. सगळ्या अंगावर रुई. एखादी साडी छान आहे म्हटलं की म्हणायची, "पुढून गिऱ्हाईक पाहते. माझ्याजवळ मागून येते." त्या रुईने तिला खोकला लागला होता, तो तिने कधी मोजला नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी निंबा आला. त्याचं एम्ब्रॉयडरीचं एक मशीन, एक पोरगी धनश्री, आणि अमळनेरकडे थोडी जमीन.

"माय, धनश्रीले दीप्तीनाच कॉलेजमा टाकी ऱ्हायनू. जमीनना सौदा व्हयी गया. परवा इसार."

आनंदीची कात्री थांबली. मी तिच्याकडे पाहिलं. आत दीप्ती जेवत होती.

"निंबा, जमीन विकू नको," आनंदी म्हणाली. "तिले नोकरी लागलीच नाही. या म्हणून आलं होतं, मग येऊ नका म्हणून आलं."

निंबाने अंगावर आलेली रुई झटकली. मग उठला. "तुमनी नात शिकनी ते चालनं. मनी पोर शिकस ते पोटमा दुखस का, माय?"

तो गेल्यावर दीप्ती खरकट्या हाताने बाहेर आली. "आजी, ते माझं ॲडमिशन होतं. कायम होणार होते मी."

"तू शिकली ते खरं आहे," आनंदी म्हणाली. "फोटो बी चांगला आहे. पण त्याची जमीन त्या फोटोवर जाऊन राहिली."

"मग मी काय करू? हे धागे कापू?"

आनंदीने पुढची साडी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी निंबा सकाळीच दारात. "आबा, तुमले वाचता येस. चला मनासंगे." आनंदीकडे त्याने पाहिलं नाही.

विद्यापीठाच्या ऑफिसात इतका गारवा होता की निंबाने उपरणं कानाला गुंडाळलं. फोटोतलाच कोट घालून दीप्ती फोटोखाली बसली होती. मला बघून ती अर्धी उठली, परत बसली. मागे सर उभे होते. आमच्यासाठी सरबत आलं.

निंबाने पोरीच्या मार्कशीटा टेबलावर ठेवल्या, पण हात वरून काढला नाही. "बेटा, तुनी आजी सांगस ते खरं का?"

दीप्तीने सरांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टेबलाच्या कडेवर तिचं नख चालत होतं.

"खरं आहे काका. मला नोकरी लागली नाही."

सर मोठ्याने हसले. "दीप्तीबेन मजाक करे छे, काका. बेसो, बेसो."

निंबाने मार्कशीटा गोळा केल्या. सरबत तसंच राहिलं. रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, "काय ठरवलंस?"

"साहेब हसना, आबा. पोरगी हसनी नही."

धनश्रीचं नाव त्याने शहरातल्या जुन्या अनुदानित कॉलेजात घातलं. जमीन राहिली.

दीप्ती त्या संध्याकाळी कोट जमा करून घरी आली. आनंदीने गठ्ठ्यातली एक साडी तिच्याकडे सरकवली. पोरगी कापायला बसली आणि पदरालाच भोक पाडलं.

"बाई, धागा काप. कपडा नको."

दोघी हसल्या, आणि मग दीप्ती रडली. पुढे ती कापड मार्केटात एका दुकानात लागली. गिऱ्हाइकांना साड्यांचे फोटो पाठवायचे काम. अर्ज करणं चालूच होतं. फोन वाजला की अजून दचकायची.

चौकातला फोटो मात्र दिवाळीपर्यंत राहिला. आनंदी भाजीला गेली की त्याच्याखाली थांबायची. एकदा मी विचारलं, "काय बघतेस रोज?"

"कानाजवळ एक केस सुटला आहे तिचा. कोणाले दिसलाच नाही."

मग तिथे दुसऱ्या पोरीचा चेहरा आला. जुनं फ्लेक्स निंबाने बॅनरवाल्याकडून घेतलं आणि मशीनच्या शेडवर टाकलं.

थंडीत आनंदीचा खोकला वाढला. सरकारी दवाखान्यात फुप्फुसाचा काळा फोटो काढला. तो उजेडाकडे धरून तिने मला विचारलं, "यात काय लिहिलं आहे?" मी म्हटलं, यात अक्षरं नसतात.

माणसं दुखवट्याला बसायला आली त्या दिवशी दारात घातलेला मांडव उन्हाला पुरेना. निंबा शेडवरचं फ्लेक्स सोडून घेऊन आला. कुठली बाजू वर करायची, म्हणून तो अडला आणि दीप्तीकडे बघू लागला.

"फोटो वर करा काका," ती म्हणाली.

त्याने तसंच बांधलं. खाली बसलेल्या आम्हाला पांढरी बाजूच दिसत होती.

माझी बायको आनंदी गंगाराम तायडे रविवार, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी बमरोलीच्या घरी वारली.