एकच डाव, एक्केचाळीस वेळा

ऑनलाइन बुद्धिबळाच्या एका सर्व्हरवर कोणाचे मानांकन खरे आणि कोणाचे फुगवलेले, हे तपासण्याचे काम संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापिकाबाईंकडे होते. मंगळवारी सकाळी त्यांच्याकडे तक्रार आली. घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी घडवलेला संगणक-खेळाडू ‘कासव’ पंधरवड्यात १९६० वरून १६८५ वर घसरला होता. शनिवारी १७०० च्या खाली असला, तर यंत्रांच्या स्पर्धेतून बाद. व्यवस्थापकांनी वर शेरा मारून हात झटकले होते : ‘यंत्राला कसला आलाय अन्याय?’

प्राध्यापिकाबाई संतापल्या की पेन्सिलींना टोक काढत. तीन पेन्सिली झाल्यावर त्यांनी कासवाचे डाव उघडले. एक्केचाळीस पराभव, विजेता एकच, आणि डावही एकच. पहिल्या प्याद्यापासून तेविसाव्या खेळीला मात होईपर्यंत काडीचाही फरक नाही.

त्यांनी घड्याळवाल्या बाईंना फोन केला. “तुमचं कासव त्याच खेळीला नेहमी तेच उत्तर कसं देतं?”

“मीच तसं केलंय. दोनदा विचारल्यावर दोन वेगळ्या गोष्टी सांगणारं यंत्र मी दुकानात ठेवत नाही, बाई.”

या बाणेदारपणाचा फायदा उठवणारा विजेता प्राध्यापिकाबाईंचा धाकटा दीर निघाला. पंधराशेवरून १७७५ गाठल्याचा डंका तो आठवडाभर घरात पिटत होता.

“काय वहिनी, मैदान मारलं की नाही?” जेवणाच्या टेबलाशी त्याने विचारले.

“मारलंत. एकदा. पुढे चाळीस वेळा तोच झेंडा उपटून तिथेच रोवलात.”

“जिंकणं ते जिंकणं! यंत्राला थोडंच वाईट वाटणार आहे?”

“मला वाटतंय ना, भाऊजी. मानांकन म्हणजे बक्षीस नव्हे, पुढच्या डावाचा अंदाज असतो. एकच गाणं येणाऱ्याला कोणी गवई म्हणत नाही.”

“आणि तेही ह्यांना वही बघून म्हणावं लागतं,” जाऊबाई म्हणाल्या. “उशीखाली खेळ्या लिहिलेला कागद आहे.”

“तू गप्प बस गं! वहिनी, घरच्या माणसाला काही सूट?”

“सूट नाही, हक्क आहे. पहिला डाव तुमचाच. सतराव्या खेळीला हत्ती दिलात, तो भल्याभल्यांना सुचला नसता.”

दुपारी त्यांनी नियम लिहिला : तोच डाव त्याच दोघांत कितीही वेळा झाला, तरी एकदाच धरावा. कासव १९५१ वर गेले, दीर १५०९ वर आला. व्यवस्थापकांच्या शेऱ्याखाली त्यांनी लिहिले : ‘अन्याय झाला तो या आकड्यावर विसंबून पटाशी बसलेल्या प्रत्येकावर.’

दिराने बाह्या सरसावल्या, कागद बाजूला सारला आणि कासवापुढे वेगळे प्यादे सरकवले. चाळीस खेळ्यांत त्याचा राजा कोपऱ्यात गेला.

“वहिनी, हा धरायलाच हवा का?”

“हा नवा आहे, भाऊजी,” टोकदार पेन्सिल कानामागे खोचत त्या म्हणाल्या. “हा धरणारच.”