मिणमिणती शेगडी

रविवारी दुपारपर्यंत शेगडी नीट पेटली नाही तर नेल्डा मुलीबरोबर फिनिक्सला राहायला जाणार, हे मंगळवारी ठरलं. ठरवलं नेल्डानेच. मी त्या वेळी शेगडीखाली डोकं घालून पालथा पडलो होतो, त्यामुळे माझं मत कोणी विचारलं नाही.

"मी थट्टा करत नाहीये, ॲल्टन," ती माझ्या तळपायांशी बोलली. "शरिल रविवारी येतेय. सात आठवडे मी अर्ध्या कच्च्या घेवड्यावर काढलेत. आता माझ्याच्याने होत नाही."

नेल्डा माझी बायको. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली, त्यातली शेवटची अकरा या बावीस फुटी ट्रेलरमध्ये. हिवाळ्यात ॲरिझोनाच्या वाळवंटात मुक्काम, उन्हाळा लागला की घर गाडीच्या मागे अडकवायचं आणि उत्तरेला निघायचं. इतक्या वर्षांत ती रागावून फार तर बाहेरच्या खुर्चीपर्यंत गेली होती. फिनिक्स दीडशे मैलांवर आहे. आणि ती एकदा मुलीच्या घरी, चार बर्नरच्या विजेच्या शेगडीपाशी उभी राहिली, की या डब्यात परत येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मीसुद्धा आलो नसतो.

शेगडीचा रोग साधा होता. पेटायची, पण मिणमिण. निळी ज्योत बर्नरच्या भोकांतून जेमतेम डोकं वर काढायची आणि तिथेच थरथरत राहायची. कॉफीला चाळीस मिनिटं लागत. अंडं तळायला टाकलं तर आपण नाश्ता करतोय की ते उबवतोय, असा प्रश्न पडायचा.

हे सुरू झालं नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणानंतर. शरिल जेवायला आली होती. ती नर्स आहे, त्यामुळे घरात पाऊल टाकताच तिला काहीतरी बिघडलेलं दिसतंच. दारातच नाक वर करून ती म्हणाली, "डॅड, गॅसचा वास येतोय." वास खरंच येत होता. सिलिंडरची नळी जुनी होऊन चिरली होती. मी त्याच आठवड्यात नवी नळी आणून बसवली, आणि रोज संध्याकाळी सिलिंडर बंद करीन अशी लेकीसमोर शपथ घेतली. दोन्ही कामं मी चोख केली. त्यानंतर ज्योत बसली. नवी नळी, रोजची शपथ आणि बसलेली ज्योत यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं सात आठवड्यांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी ओक्लाहोमात चाळीस वर्षं तेलाच्या विहिरींवर पाईप जोडले. बाकी गोष्टी जोडण्यात कच्चाच राहिलो.

शपथेमुळे सकाळी सिलिंडर उघडण्याचा एक विधी सुरू झाला होता. नेल्डा आत शेगडीचं बटण उघडून, हातात लायटर धरून उभी राहायची. मी बाहेर सिलिंडरपाशी. मी ओरडायचो, "तयार?" ती म्हणायची, "देवाचं नाव घेऊन." मग मी एका झटक्यात झडप पूर्ण उघडायचो. विहिरीवर आम्ही झडप अशीच उघडायचो, अंग टाकून. नळीत साठलेली हवा एका दणक्यात बाहेर गेली पाहिजे, असं मी नेल्डाला समजावून सांगितलं होतं. मला ते कोणी सांगितलं होतं, ते आठवत नाही. बहुधा मीच.

आमच्या मुक्कामावर एक रीत आहे. कोणीही हत्यारांची पेटी उघडली, की दहा मिनिटांत आजूबाजूचे म्हातारे आपापली घडीची खुर्ची आणि कॉफीचा मग घेऊन हजर होतात. मदतीला कोणी येत नाही, सल्ला द्यायला येतात. मीही इतरांच्या पेट्यांपाशी असाच बसलो आहे आणि बऱ्याच चांगल्या वस्तूंची वाट लावायला हातभार लावला आहे. मंगळवारी दुपारपर्यंत माझ्या दारात पाच खुर्च्या लागल्या. मधल्या खुर्चीत क्लोव्हिस. त्याने कॅन्ससमध्ये तीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे सगळे आपलं ऐकणार हे तो धरूनच चालतो.

"कोळी," क्लोव्हिस म्हणाला.

"काय कोळी?"

"या गॅसच्या वासाला कोळी भुलतात. नळीत शिरून जाळं विणतात. उघड ते."

मी शेगडी उघडली. बर्नरच्या नळीत खरंच एक जाळं निघालं, कापसाच्या बोळ्याएवढं. पाचही खुर्च्यांवरून शाबासकी मिळाली. क्लोव्हिसने तर उठून हस्तांदोलन केलं, माझ्याशी नाही, शेजारच्याशी. मी बर्नर तारेने साफ केले, सगळं परत जोडलं, सकाळचा विधी दुपारी केला. ज्योत होती तशीच. कोळ्याला मात्र आम्ही उगाच बेघर केलं.

बुधवारी सगळ्यांचं मत पडलं की रेग्युलेटर गेला. बदलला. सांध्यांना साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा नाही. ज्योत तशीच. गुरुवारी वाऱ्याला दोष दिला. शुक्रवारी क्लोव्हिस म्हणाला, "आता स्पष्टच बोलतो. शेगडी म्हातारी झालीय."

"माझ्यापेक्षा तरुण आहे ती."

"तू तरी कुठे धड पेटतोस?" नेल्डा आतून म्हणाली. पाच खुर्च्या हसल्या. मला बरं वाटलं, कारण त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच काही गमतीने बोलली होती.

शुक्रवारी दुपारी नवी शेगडी आणली. क्लोव्हिसनेच गावातून गाडीत घालून आणली आणि जुनी सुट्या भागांसाठी म्हणून स्वतःच्या ट्रेलरकडे नेली. नवी चकचकीत, तीन बर्नरची, आणि आमच्या ओट्याच्या खाचेपेक्षा पाऊण इंच रुंद. मी मोजमाप घेतलं होतं. फक्त ते जुन्या शेगडीचं न घेता माझ्या आठवणीतल्या शेगडीचं घेतलं होतं. शनिवारी सकाळपासून ओटा कापत बसलो. ओट्याच्या खाली चमच्यांचा खण आहे, तो जरासा कापला गेल्यावर लक्षात आलं. शेवटच्या कोपऱ्यात करवत अडकली, मी जोर लावला, करवत सुटली आणि माझं उजवं मनगट मुरगळलं.

तरी शनिवारी चारच्या सुमाराला शेगडी बसली. खुर्च्या भरल्या होत्या. नेल्डाने बटण उघडलं, लायटर धरला. मी डाव्या हाताने, पण तेवढ्याच जोमाने झडप उघडली.

"पेटली?" मी बाहेरून विचारलं.

मी आत गेलो. कोऱ्या करकरीत शेगडीवर तीच जुनी ज्योत मिणमिणत होती. नेल्डाने पलंगाखालून बॅग ओढली आणि तिच्यात स्वेटर घड्या करून ठेवायला लागली. बाहेर एकेक खुर्ची मिटल्याचा आवाज आला. म्हाताऱ्यांना केव्हा उठावं हे बरोबर कळतं.

"नेल्डा," मी म्हणालो.

"तुझे निळे मोजे वरच्या कप्प्यात आहेत," ती म्हणाली. "मी गेल्यावर शोधत बसशील."

भांडली असती तर परवडलं असतं.

रविवारी सकाळी मनगट सुजून दुधीभोपळ्यासारखं झालं होतं. मी झडपेकडे निघालो तर नेल्डाने दंडाला धरून थांबवलं. "राहू दे. मी उघडते. जायच्या आधी एक कप कॉफी पिईन म्हणते, चाळीस मिनिटं लागली तरी."

"बरं. मी लायटर घेऊन उभा राहतो."

"बटण बंद ठेव. मी आत आल्याशिवाय हात लावू नकोस. तुझ्या हातात लायटर देऊन मी सिलिंडरपाशी उभी राहणार नाही."

मी खिडकीतून पाहत होतो. तिच्या बोटांना संधिवात आहे. तिने झडप जराशी फिरवली, थांबली, बोटं चोळली. पुन्हा जराशी फिरवली. पुन्हा थांबली. मी असतो तर एव्हाना दोनदा उघडून बंद केली असती. शेवटी ती आत आली, बटण फिरवलं, लायटर लावला.

ज्योत भपकन वर आली. उंच, निळी, गोल. किटलीचं बूड तिने कवेत घेतलं. मी वाकून पाहत होतो, त्यामुळे माझी डावी भुवई गेली.

कॉफी सहा मिनिटांत झाली. नेल्डा कपात फुंकर घालत बसली. मी मात्र बोललो, आणि बरंच बोललो. नव्या शेगड्या पहिल्या दिवशी बुजतात, रात्रभर धातू बसावा लागतो, कापलेल्या ओट्यामुळे आता हवा खेळती राहते. मग दारात जाऊन मी खुर्च्यांना हाक मारली. सगळे आले. क्लोव्हिस म्हणाला, "दाखव."

पेटलेली शेगडी दाखवून समाधान मानायला काय हरकत होती? पण मला ती रीतसर, पहिल्यापासून दाखवायची होती. सगळं बंद केलं. नेल्डाला लायटर देऊन उभं केलं, बटण उघडायला लावलं. बाहेर आलो आणि डाव्या हाताने, लोकांच्या देखत, झडपेला असा झटका दिला की सिलिंडर जागचा हलला.

आतून नेल्डाचा आवाज आला, "गेली. परत मिणमिण."

क्लोव्हिस म्हणाला, "कोळी असेल. दुसरा."

पलीकडच्या ट्रेलरसमोर बर्नीस शब्दकोडं सोडवत बसली होती. नेब्रास्काची विधवा, कमी बोलणारी. तिने पेन्सिल कानामागे खोचली आणि चालत आली.

"ॲल्टन, झडप कशी उघडलीस?"

"पूर्ण."

"कशी, विचारतेय."

"एका झटक्यात."

"आणि आत बटण उघडं?"

"हवा जायला."

तिने डोळे मिटून घेतले, जसं डॉक्टर लोक मिटतात. "तू लावलेल्या या नव्या नळीच्या तोंडात एक छोटी गोळी बसवलेली असते. गॅस एकदम सुटला की तिला वाटतं पुढे नळी तुटलीय. मग ती रस्ता अडवते आणि थेंबभरच सोडते. तुझा फ्रीजही याच गॅसवर आहे ना? ते थेंबभर तो पितो, आणि गोळी काही मागे सरकत नाही. सगळं बंद कर, थोडं थांब, मग हळू उघड. नेल्डाने सकाळी उघडली तशी. बिचारी गोळी सात आठवडे तिचं काम करतेय."

"तुला हे कसं माहीत?" क्लोव्हिसने विचारलं.

"बावीस वर्षं गॅसचा टँकर चालवला मी."

"मग आधी का नाही बोललीस?" मी म्हणालो.

"मला कोणी विचारलं? रोज तुम्ही खुर्च्या मांडून गोल बसायचात. मला वाटलं प्रार्थनासभा आहे."

क्लोव्हिस घसा खाकरून म्हणाला, "ॲल्टन, तुझी जुनी शेगडी काल रात्री मी माझ्याकडे जोडून पाहिली. फार सुंदर जळते. म्हटलं, आता तुला सांगून काय उपयोग."

शरिल बाराच्या आत आली. नेल्डाने तोपर्यंत झडप हळू उघडून दोन तवे बिस्किटं भाजली होती आणि घेवडा शिजत होता. शरिलने नाक वर करून वास घेतला, सांध्यांना साबणाचं पाणी लावलं, ज्योत पाहिली. "म्हणजे शेगडीच खराब होती तर," ती म्हणाली.

हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. नेल्डा पाठ करून घेवडा ढवळत होती. तिचा हात थांबला. तिने वळून पाहिलं नाही, पण एकोणपन्नास वर्षांत मला तिची पाठही वाचता येते.

"नाही," मी म्हणालो. "शेगडी चांगली होती. रेग्युलेटरही चांगला होता. दोष माझ्या हातात होता." आणि सगळं सांगितलं, ओटा कापण्यासकट.

शरिल ऐकत राहिली. मग म्हणाली, "डॅड, हे तर अजून वाईट. शेगडी बदलता येते. तुला कशी बदलणार?" ती आईकडे वळली. "मॉम, बॅग कुठाय?"

नेल्डाने गॅस बारीक केला. "बॅग तिथेच राहू दे."

"अगं, हा माणूस तुला लायटर देऊन उभं करतो आणि बाहेरून झटका देतो. उद्या परत करेल."

"नाही करणार. आजपासून सिलिंडर माझा. उघडायचा मी, बंद करायचा मी. याने हात लावायचा नाही."

"तुझ्या बोटांना त्रास होतो."

"होतो. म्हणून तर मी हळू उघडते." तिने ताटं मांडली. "तो खोटं बोलला असता तर मी तुझ्या गाडीत बसणार होते. आता जेवून घे."

शरिल चार वाजता एकटीच निघाली. जाताना तिने माझं मनगट पट्टीने आवळून बांधलं. गरजेपेक्षा जरा जास्तच आवळलं.

ऊन उतरल्यावर मी सवयीने उठलो आणि दाराकडे निघालो.

"कुठे?" नेल्डाने विचारलं.

"सिलिंडर. बंद करायला तरी माझं—"

"बस."

मी बसलो.